घटस्फोटाआधीचे वेगळेपण : 'नांदायला येत नाही' पासून न्यायिक विभक्ततेपर्यंत

नवरा मुंबईला गिरणीत, बायको गावी भातशेती, गुरे आणि सासूसासरे सांभाळत, भेट गणपतीत नि शिमग्यात, अशी कित्येक लग्ने रत्नागिरी-सिंधुदुर्गात आयुष्यभर टिकली. त्यामुळे दोन ठिकाणी राहणे म्हणजे बिनसणे, असे कोकणात कोणी मानत नाही. बिनसले की शब्द बदलतो. ती 'नांदायला येत नाही', किंवा तो 'नांदवत नाही'. कायद्याचा इतिहासही याच नांदण्याभोवती फिरला आहे.

नांदण्याची सक्ती न्यायालयाने करावी का, हा वाद मुंबईत पेटला. पत्नी रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला आणि 1887 मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. अखेर 1888 मध्ये दादाजींना पैसे देऊन प्रकरण मिटले. ख्रिस्ती दांपत्यांना 1869 च्या कायद्याने न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळे राहण्याचा न्यायालयाचा हुकूम, मिळत होती. हिंदू पत्नीला वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा मात्र 1946 मध्ये आला. मुंबई प्रांताने 1947 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, पण सावंतवाडी तेव्हा संस्थान होते, त्यामुळे शेजारच्या तालुक्यांनाही एकच कायदा लागू नव्हता.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने जवळजवळ देशभर न्यायिक विभक्तता (वकिलांच्या तोंडी ज्युडिशियल सेपरेशन) आणली, ती कलम 10 मध्ये. हुकूम झाल्यावर एकत्र राहण्याचे बंधन सुटते, लग्न मात्र उभे राहते, म्हणून दुसरे लग्न करता येत नाही. मूळ कायद्यात छळ आणि दोन वर्षांचा परित्याग ही कारणे केवळ विभक्ततेसाठी होती. त्यांवर थेट घटस्फोट मिळत नसे. आधी विभक्ततेचा हुकूम घ्यायचा, दोन वर्षे वाट पाहायची, मगच घटस्फोट मागायचा, अशी पायऱ्यांची वाट आखली होती. 1976 च्या दुरुस्तीने दोन्हींची कारणे एक केली आणि वाट पाहण्याचा काळ एका वर्षावर आणला. माझ्या मते विभक्ततेच्या अर्जाची गरज तिथेच ओसरली. ज्यांना लग्न मोडायचे नाही, पण छळही सोसायचा नाही, त्यांच्यापुरती ती उरली.

त्याच दुरुस्तीने कलम 13-ब घातले. परस्पर संमतीने घटस्फोट हवा असेल तर आधी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे. यातील 'वेगळे' म्हणजे काय, ते सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितले आणि ते कोकणाला नेमके लागू पडते. एका छपराखाली राहणारे नवरा-बायकोसारखे राहत नसतील, तर ते वेगळेच. आणि दोन घरांत राहणारेही पती-पत्नी म्हणून नांदत असू शकतात. माजघरात एक चूल आणि पडवीत दुसरी पेटते, दोघे एकाच विहिरीचे पाणी भरतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, तर त्यांचे वर्ष मोजले जाते. चाकरमान्याचे वर्ष, तो केवळ मुंबईला आहे म्हणून, मोजले जात नाही.

तेरेखोल नदी ओलांडली की गोष्ट वेगळी. गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नाही. तिथे पोर्तुगीज काळाचा 1867 चा दिवाणी संग्रह आणि 1910 चा घटस्फोट कायदा चालत आले आहेत. त्या संग्रहात घटस्फोट नव्हता, व्यक्ती आणि संपत्ती यांचे विभाजन मात्र होते.

या सगळ्याआधीची आणि अजून न संपलेली वाट म्हणजे सोडचिठ्ठी. ज्या जातींत काडीमोडाची रूढी आहे, तिला कलम 29 ने धक्का लावलेला नाही. पण रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये बजावले. तालुक्याच्या गावी स्टॅम्पपेपरवर टंकलेला, पंचांच्या सह्यांचा, 'आजपासून उभयतांचा एकमेकांशी संबंध नाही' असा कागद अनेक घरांत ट्रंकेत जपलेला असतो. रूढी सिद्ध झाली नाही, तर त्या कागदाने लग्न मोडत नाही. उलट दोघे 'संमतीने वेगळे राहतात' एवढे त्यातून निघाले, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालील, म्हणजे जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालील, पोटगीला नवऱ्याचा वकील त्याच कागदावर बोट ठेवून हरकत घेतो.