रिकाम्या वाटीचं रसायन

नवतप्यातल्या एका दुपारी धरमपेठेतून मामींचा फोन आला. "अरे, माझ्या रक्तात ते होमो काहीतरी चौतीस निघालं. लाल अक्षरात छापलंय. सून म्हणते हे हार्ट अटॅकचं असतं. मी तर बाप्पा अंड्यालाही कधी हात लावला नाही!"

मामींनी सवलतीतलं 'फुल बॉडी चेकअप' करून घेतलं होतं. अशा पॅकेजांत हल्ली होमोसिस्टीन हमखास असतं, आणि पाठोपाठ 'कोलेस्टेरॉल निर्दोष, खरा गुन्हेगार होमोसिस्टीन' असे व्हॉट्सॲप संदेशही येतात. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरातले रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे. मामींचं शेवटचं वाक्य मात्र मला फार महत्त्वाचं वाटलं. अंड्याला हात न लावूनही हे निघालं असं त्यांना वाटत होतं. बहुधा हात न लावल्यामुळेच निघालं होतं.

होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल आपण खात नाही. आपल्या प्रथिनांच्या माळेत ओवलेल्या वीस अमिनो आम्लांतही ते नाही. १९३२ मध्ये अमेरिकेत बट्झ आणि डू व्हिन्यो यांनी मेथिओनिन हे अमिनो आम्ल गंधकाम्लात तापवलं, तेव्हा ते हाती लागलं. सिस्टीन या अमिनो आम्लापेक्षा एक कार्बन जास्त, म्हणून 'होमो'. शरीरात ते क्षणोक्षणी तयार होतं आणि क्षणोक्षणी संपतं. रक्तात लिटरमागे साधारण ५ ते १५ मायक्रोमोल एवढंच शिल्लक दिसतं.

आता ते तयार का होतं? शेजारणीनं वाटीभर साखर दिली, की आपण वाटी रिकामी परत करत नाही. पेशीतही असाच रिवाज आहे. इथली साखर म्हणजे मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. मेथिओनिन ही भरलेली वाटी. पण मेथिओनिनमधला गंधक हा मिथाइल सहजासहजी सोडत नाही. मग पेशी एटीपीचा, म्हणजे तिच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च करते, आणि तोही अजब पद्धतीनं. एरवी एटीपीचा एखाद-दुसरा फॉस्फेट तुटतो. इथे तिन्ही फॉस्फेट गळून पडतात आणि उरलेला ॲडेनोसिन थेट गंधकाला चिकटतो. गंधकावर आता तीन बंध आणि धन विद्युतभार. अशा अवघडलेल्या गंधकाला मिथाइल नकोसा होतो, आणि मागेल त्याला तो दिला जातो. या अवस्थेतल्या रेणूला सॅम म्हणतात.

मागणारे पुष्कळ. नॉरॲड्रेनालिनचं ॲड्रेनालिन करायला मिथाइल लागतो, स्नायूंतलं क्रिएटिन बनवायला लागतो, डीएनएवर 'हे जनुक सध्या बंद' अशी खूण करायलाही लागतो. साखर दिली, मग ॲडेनोसिनही सुटला, की हाती उरते ती रिकामी वाटी. तीच होमोसिस्टीन.

या वाटीला दोन वाटा. एक म्हणजे ती वितळवून टाकायची: बी-६ जीवनसत्त्वाच्या मदतीनं होमोसिस्टीनचं सिस्टीन होतं. दुसरी म्हणजे पुन्हा भरायची. मला वेड लावलं ते या दुसऱ्या वाटेनं.

वाटी भरण्यासाठी मिथाइल आणतं फोलेट, म्हणजे बी गटातलंच एक जीवनसत्त्व; गोळीत मिळणारं त्याचं रूप म्हणजे फोलिक ॲसिड. पालक, चवळीची पालेभाजी, डाळी, आपली संत्री, आणि ज्याला आपण नागपूरकर सांबार म्हणतो ती कोथिंबीर, या सगळ्यांत फोलेट असतं. पण फोलेट तो मिथाइल होमोसिस्टीनला थेट देऊ शकत नाही. मधे एक धातू लागतो, कोबाल्ट. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या पोटात, चार नायट्रोजनांच्या चौकटीत, कोबाल्टचा एकच अणू बसवलेला असतो. मेथिओनिन सिंथेस नावाच्या विकरात (एन्झाइममध्ये) तो इलेक्ट्रॉनांनी इतका गच्च भरलेला असतो, की फोलेटकडचा मिथाइल ओढून घेतो. पलीकडे जस्ताच्या अणूनं होमोसिस्टीनचा गंधक धरून ठेवलेला असतो. कोबाल्ट वळतो आणि मिथाइल गंधकाच्या हातात देतो. वाटी भरली! कोबाल्ट पुन्हा फोलेटकडे. अशा शेकडो फेऱ्यांत केव्हातरी या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण होतं आणि तो निकामी पडतो. मग वेगळं एक विकर त्याला इलेक्ट्रॉन पुरवतं, सॅमकडून एक मिथाइल घेतं आणि त्याला पुन्हा कामाला जुंपतं. म्हणजे वाट्या भरणारा बिघडला, तर त्याच्या दुरुस्तीलाही भरल्या वाटीतलीच साखर लागते. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकांवरची मुलं खिडकीबाहेर बघायची, हे मला ठाऊक आहे.

बी-१२ नसेल तर दोन घोटाळे होतात. रिकाम्या वाट्या ओट्यावर साचतात, म्हणजे होमोसिस्टीन वाढतं. आणि मिथाइलचं ओझं घेतलेलं फोलेट ते उतरवायला जागाच नाही म्हणून अडकून पडतं. मग डीएनए घडवायला लागणारं फोलेट कमी पडतं आणि तांबड्या पेशी मोठ्या, बेढब होतात. अशा वेळी नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ अभावी नसांची झीज आतून चालूच राहते. म्हणून मेडिकलवाल्याला विचारून फोलिक ॲसिड सुरू करू नये.

बी-१२ फक्त जीवाणू बनवतात. वनस्पतींत ते नसतं. शेवग्याच्या पाल्यात नाही, अंकुरित मुगातही नाही. स्पिरुलिनाच्या महागड्या डब्यांवर ते छापलेलं असलं तरी त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला न चालणारं, नकली रूप असतं. शाकाहारी माणसाला दूध-दह्याचाच आधार, आणि दिवसाच्या दोन कप चहातल्या दुधानं भागत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन १५ च्या वर. मामींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्या बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, आणि या औषधानं बी-१२ चं शोषण कमी होतं.

आता हृदयाचं. १९६९ मध्ये किल्मर मॅक्युली या अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञानं जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन अफाट वाढलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या पाहिल्या. त्या म्हाताऱ्यांसारख्या कडक झालेल्या होत्या. त्यानं तर्क केला, की थोडं वाढलेलं होमोसिस्टीनही हळूहळू हेच करत असेल. पुढे बी गटातल्या जीवनसत्त्वांनी ते खाली आणून पाहिलं गेलं. २००६ च्या होप-२ चाचणीत ५,५२२ रुग्ण होते. आकडा उतरला, हृदयविकाराचे झटके उतरले नाहीत. पक्षाघात थोडे कमी झाले. म्हणजे साचलेल्या वाट्यांवरून साखर कुठे अडली ते कळतं, पण नुसत्या वाट्या उचलून हृदय वाचत नाही. आणि सांगायला हवं, की त्या चाचण्यांतल्या बहुतेकांना मामींइतकी बी-१२ ची वानवा नव्हती.

त्या ३४ बद्दलही माझी तक्रार होतीच. नमुना घ्यायला आलेला मुलगा नळी पिशवीत टाकून स्कूटरवर पुढच्या चार घरी गेला. बाहेर पंचेचाळीस अंश. तांबड्या पेशी नळीतही होमोसिस्टीन सोडत राहतात. साध्या तापमानालाच दर तासाला सुमारे दहा टक्क्यांची भर पडते. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवावी लागते आणि तासाभरात पेशी वेगळ्या कराव्या लागतात. मी मामींना घेऊन सकाळी आठला दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो आणि नळी बर्फात जाताना डोळ्यांनी पाहिली. आकडा आला २७. औषधाविना सात उतरला! तरीही जास्तच होता, आणि बी-१२ खरोखरच तळाला.

मूत्रपिंड आणि थायरॉईड तपासून डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली. गेली दोन वर्षं मामींच्या तळपायांना मुंग्या यायच्या आणि घरात सगळे म्हणायचे, शुगर आहे ना, मग होणारच. आता रात्री चादर झटकून उठावं लागत नाही, असं त्या सांगतात. होमोसिस्टीन पुन्हा तपासायचं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे. त्या लाल अक्षरानंच माझं बीपी वाढतं."