तिहेरी कुलूप, आयर्लंडमधील

आयर्लंडच्या संरक्षण दलांची सशस्त्र तुकडी परदेशी पाठविण्यापूर्वी संयुक्त राष्ट्रांची मान्यता, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि ‘डॉल’ या कनिष्ठ सभागृहाचा ठराव अशा तीन गोष्टी आवश्यक ठरविणारी कायदेशीर व्यवस्था. आयर्लंडची लष्करी तटस्थता राज्यघटनेत त्या शब्दांत नोंदलेली नाही. युद्धात सहभागी होण्यास डॉलची संमती लागते, असे २८ वे कलम सांगते, आणि युरोपीय संघाच्या सामायिक संरक्षणात सामील होण्यास २९ वे कलम मनाई करते. त्यामुळे या कुलपाचा वाद तेथे तटस्थतेचाच वाद बनतो.

व्यवस्थेच्या उगमाविषयी दोन मते मांडली जातात. युरोपीय संघाच्या विस्तारासाठीचा नीस करार आयर्लंडमध्ये जून २००१ च्या सार्वमतात फेटाळला गेल्यानंतर शासनाने जून २००२ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे युरोपीय संघाच्या नेत्यांच्या बैठकीत राष्ट्रीय घोषणापत्र सादर केले व त्यात या तीन अटींचा एकत्र उच्चार केला. म्हणून काही जण कुलपाचा जन्म तेव्हाचा मानतात. ‘ट्रिपल लॉक’ हे नाव साधारणपणे त्याच सुमारास रूढ झाले असावे. आशयाच्या दृष्टीने मात्र १९६० च्या संरक्षण (दुरुस्ती) कायद्यापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. आयर्लंडने १९५८ मध्ये लेबननला पाठविलेले अधिकारी निःशस्त्र निरीक्षक होते, तर १९६० मध्ये काँगोत प्रथमच सशस्त्र तुकडी गेली आणि तिच्यासाठी कायद्याचा आधार लागला. या कायद्याने सुरक्षा परिषदेने किंवा आमसभेने ‘पोलिसी स्वरूपाच्या’ कामासाठी स्थापलेल्या दलातच सहभागाची मुभा दिली. १२ पेक्षा अधिक सशस्त्र सैनिक असल्यास डॉलचा ठराव अनिवार्य केला. सोमालियातील मोहिमेच्या निमित्ताने १९९३ मध्ये पोलिसी कामाची मर्यादा काढण्यात आली.

‘स्थापलेले’ या एका शब्दाने पुढे अडचण केली. मॅसिडोनियातील संयुक्त राष्ट्रांच्या दलाची मुदतवाढ चीनने फेब्रुवारी १९९९ मध्ये नकाराधिकार वापरून रोखली, आणि २००३ मध्ये युरोपीय संघाने तेथे मोहीम सुरू केली तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा पुरेसा ठराव नसल्याने आयर्लंडला तीत भाग घेता आला नाही. म्हणून २००६ च्या दुरुस्तीने स्थापलेल्या दलांसोबत अधिकृत, समर्थित किंवा अन्य प्रकारे संमत केलेल्या दलांचाही व्याख्येत समावेश केला.

कुलपाचे विरोधक म्हणतात की, त्याची किल्ली सुरक्षा परिषदेच्या पाच स्थायी सदस्यांच्या हाती राहते. हा आक्षेप गंभीर आहे, पण कायद्याच्या शब्दांतून तो पूर्णपणे सिद्ध होत नाही, कारण १९६० पासून आमसभेचा पर्याय कायम आहे आणि तेथे नकाराधिकार नाही. १९५६ चे सुएझमधील संयुक्त राष्ट्रांचे दल आमसभेनेच उभारले होते. व्यवहारात हा मार्ग फारसा वापरला गेलेला नाही, हेही खरे.

मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकाच्या आराखड्यात संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेची अट वगळून मोहीम त्यांच्या सनदेच्या तत्त्वांशी सुसंगत असावी एवढेच म्हटले आहे. डॉलच्या ठरावाशिवाय पाठविता येणाऱ्या सशस्त्र सैनिकांची संख्याही त्यात १२ वरून ५० करण्याचे सुचविले आहे. सुदानमधून नागरिकांना बाहेर काढण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये गेलेल्या पथकातील सैनिकांची कमाल संख्या १२ च होती.