मॅच प्ले आणि स्ट्रोक प्ले: न्यूपोर्टच्या दगडी भिंतीपाशी सुरू झालेला वाद

गोल्फच्या बातम्या अधूनमधून वाचणाऱ्याला एक कोडं हमखास पडतं. एका स्पर्धेचा निकाल '२७८, पारपेक्षा १० कमी' असा छापून येतो (पार म्हणजे अपेक्षित फटक्यांचा ठरलेला आकडा, आणि २७८ ही अठरा होलच्या चार फेऱ्यांची बेरीज) आणि दुसरीचा '३ अँड २' असा. खेळ तोच, अठरा होल तेच, मग दोन निकाल दोन भाषांत का? पुष्कळांना वाटतं की ही फक्त गुण लिहायची वेगळी पद्धत आहे. तसं नाही. पहिला स्ट्रोक प्ले, दुसरा मॅच प्ले. या दोन्हींत जिंकणं म्हणजे काय, हेच वेगळं आहे. आणि हौशी गोल्फ समजून घ्यायचं असेल, तर हा फरक नीट कळल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

आधी हिशेब पाहू. समजा शरद आणि नीला तीन होल खेळले. पहिल्या होलवर शरदला चार फटके लागले, नीलाला पाच. दुसऱ्यावरही तेच, चार आणि पाच. तिसऱ्यावर मात्र शरदचा चेंडू झाडीत गेला, मग वाळूत, आणि त्याला नऊ फटके लागले. नीलाने तो होल चारमध्ये संपवला. स्ट्रोक प्लेमध्ये सगळे फटके बेरजेत जातात. शरदचे १७, नीलाचे १४, म्हणजे नीला तीन फटक्यांनी पुढे. मॅच प्लेमध्ये मोजायचे ते जिंकलेले होल. शरदने दोन जिंकले, नीलाने एक, म्हणजे शरद 'वन अप'. खेळ तोच, फटके तेच, आणि पुढे असणारा माणूस वेगळा. तिसऱ्या होलवर शरदला नऊऐवजी पंधरा फटके लागले असते, तरी मॅच प्लेमध्ये त्याचं नुकसान तेवढंच, एका होलचं.

'३ अँड २' याचा अर्थ यातूनच निघतो. विजेता तीन होलनी पुढे आहे आणि खेळायचे दोनच उरलेत. आता हरणाऱ्याने दोन्ही जिंकले तरी उपयोग नाही, म्हणून सामना तिथेच संपतो. सामना शेवटच्या होलपर्यंत गेला आणि तिथे निकाल लागला, तर '१ अप' किंवा '२ अप' असं लिहितात.

या फरकावरून किती मोठं भांडण होऊ शकतं, ते पाहायला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला जायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कची धनाढ्य घराणी उन्हाळा काढायला या समुद्राकाठच्या गावी येत. आपल्या संगमरवरी महालांना ती मंडळी 'कॉटेज' म्हणत. व्हँडरबिल्ट घराण्याचं 'द ब्रेकर्स' हे सत्तर खोल्यांचं कॉटेज १८९५ मध्ये पुरं झालं. न्यूपोर्ट कॅसिनोच्या हिरवळीवर १८८१ पासून अमेरिकेची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा होत होती. खाडीत शिडाच्या नौका, संध्याकाळी बेलव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवर बग्ग्यांची फेरी, रात्री मेजवान्या. साखरसम्राट थिओडोर हॅवेमायर यांनी या दिनक्रमात गोल्फची भर घातली.

सप्टेंबर १८९४ मध्ये न्यूपोर्टच्या क्लबने हौशी खेळाडूंची 'राष्ट्रीय' स्पर्धा जाहीर केली. पद्धत स्ट्रोक प्ले, नऊ होलचं मैदान, दोन दिवसांत छत्तीस होल. शिकागोचे चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्ड हे सगळ्यांत नावाजलेले खेळाडू. तरुणपणी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला शिकायला असताना त्यांनी गोल्फ आत्मसात केला होता, आणि या खेळातलं आपल्याला सगळ्यांत जास्त कळतं अशी त्यांची खात्री होती. पहिल्या दिवशी ८९ फटक्यांत ते पुढे होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेंडू एका दगडी भिंतीला जाऊन टेकला, दोन फटक्यांचा दंड बसला आणि दिवसाचा आकडा शंभरावर गेला. बेरीज १८९. यजमान क्लबच्या डब्ल्यू. जी. लॉरेन्स यांची १८८. एका फटक्याने हार.

मॅकडॉनल्ड खवळले. भिंत हा गोल्फमधला रास्त अडथळाच नव्हे, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा जास्त वजनदार होता. हौशी खेळाडूंचा विजेता मॅच प्लेनेच ठरायला हवा, कारण ब्रिटनमध्ये १८८५ पासून चालणारी हौशी अजिंक्यपद स्पर्धा तशीच होते. मला हा दुसरा मुद्दा नुसता रागातून आलेला वाटत नाही. भिंतीपाशी गेलेले ते दोन फटके स्ट्रोक प्लेमध्ये शेवटच्या होलपर्यंत बेरजेत बसून राहतात. मॅच प्लेमध्ये फार तर तो एक होल गेला असता, आणि पुढच्या टीवर, म्हणजे पुढचा होल जिथून सुरू होतो त्या जागी, दोघंही कोऱ्या पाटीने उभे राहिले असते.

मग ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कजवळ याँकर्सच्या सेंट अँड्रूज क्लबने दुसरी 'राष्ट्रीय' स्पर्धा भरवली, या वेळी मॅच प्ले. मॅकडॉनल्डनी उपान्त्य फेरीत लॉरेन्सना हरवलं, पण अंतिम सामना अठरा होलनंतर बरोबरीत राहिला आणि जादाच्या होलवर लॉरेन्स स्टॉडर्ड नावाचे दुसरेच खेळाडू जिंकले. आदल्या रात्री मॅकडॉनल्ड मेजवानीत उशिरापर्यंत जागले होते, असं सांगतात. या खेपेला त्यांची तक्रार अशी की एकट्या क्लबला राष्ट्रीय विजेता ठरवायचा अधिकारच नाही. त्यांच्या तक्रारीमागे हार होती हे उघड आहे, तरीही मुद्दा बरोबर होता. एकाच मोसमात दोन विजेते, दोन पद्धतींचे! २२ डिसेंबर १८९४ रोजी पाच क्लबांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले आणि आज यूएसजीए (युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन) म्हणून ओळखली जाणारी संघटना स्थापन झाली. पहिले अध्यक्ष हॅवेमायर.

संघटनेची पहिली हौशी अजिंक्यपद स्पर्धा ऑक्टोबर १८९५ मध्ये पुन्हा न्यूपोर्टलाच झाली. खरं तर ती सप्टेंबरमध्ये व्हायची होती, पण तेव्हा अमेरिकाज कपच्या नौका शर्यती होत्या आणि त्या सोडून गोल्फ बघायला कोण येणार? पद्धत ठरली मॅच प्ले, आणि मॅकडॉनल्डनी चार्ल्स सँड्सना '१२ अँड ११' असं हरवलं. छत्तीस होलच्या सामन्यात बारा होलची आघाडी आणि अकरा होल शिल्लक, म्हणजे पार धुव्वा. दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर व्यावसायिकांची पहिली यूएस ओपन झाली. अकरा खेळाडू, छत्तीस होल, स्ट्रोक प्ले. न्यूपोर्टच्याच क्लबात सहायक म्हणून नोकरी करणारा एकवीस वर्षांचा होरेस रॉलिन्स १७३ फटक्यांत जिंकला आणि त्याला दीडशे डॉलर मिळाले. उन्हाळी पाहुण्यांचा मॅच प्ले आणि पोटासाठी खेळणाऱ्यांचा स्ट्रोक प्ले, असे दोन्ही प्रकार एका आठवड्यात एकाच गवतावर खेळले गेले.

धुव्वा उडालेल्या सँड्सना मात्र कमी लेखू नका. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये गोल्फचं सुवर्णपदक त्यांनीच जिंकलं, आणि ती स्पर्धा स्ट्रोक प्ले होती. ऑलिंपिकमध्ये आजही वैयक्तिक पदकं स्ट्रोक प्लेनेच ठरतात, फक्त छत्तीसऐवजी बहात्तर होल. पुण्याचा उदयन माने टोकियोत खेळला आणि अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकून ती चौथी आली, ते याच पद्धतीत.

नियमांतही या दोन प्रकारांनी वेगळ्या वाटा धरल्या आहेत. मॅच प्लेमध्ये समोरचा खेळाडू तुमचा छोटा पट (चेंडू भोकात घालायचा हलका फटका) 'दिला' असं म्हणू शकतो. मग चेंडू भोकात न घालताच तो गेला असं धरतात, आणि एकदा दिलेला पट परत घेता येत नाही, नाकारताही येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये असा दिलदारपणा कोणालाच दाखवता येत नाही, कारण तुमचा प्रतिस्पर्धी समोरचा एकटा नसतो, मैदानावर पसरलेले सगळेच असतात. नियमभंगाचा सर्वसाधारण दंड स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके, मॅच प्लेमध्ये तो होल गमावणं. मॅच प्लेमध्ये 'तुझे किती झाले?' असं विचारायचा हक्क आहे आणि चुकीचा आकडा सांगणाऱ्याला बहुतेक वेळा होल गमवावा लागतो. समोरच्याचे किती झाले यावरच आपण पुढचा फटका धाडसाचा मारायचा की जपून, हे ठरत असतं ना!

मॅच प्ले रिसॉर्टच्या गावात रुजला, त्यामागे वेळेचं कारण आहे. बत्तीस जणांत विजेता काढायचा तर बाद पद्धतीच्या पाच फेऱ्या लागतात. सकाळी एक सामना, मग जेवण, दुपारी दुसरा, हे ज्याच्याकडे आठवडा मोकळा आहे त्यालाच परवडतं. शिवाय चार तास एकाच माणसाबरोबर चालायचं, त्याचा स्वभाव ओळखायचा, हरल्यावर संध्याकाळी त्याच्याच टेबलावर बसायचं, ही त्या गावातल्या सुट्टीचीच रीत होती. स्ट्रोक प्लेमध्ये शंभर जणांची स्पर्धा एका दिवसात उरकते. म्हणून आपल्याकडच्या क्लबांतही 'मंथली मेडल', म्हणजे दरमहाची स्पर्धा, म्हटलं की स्ट्रोक प्ले, आणि बाद फेऱ्यांची स्पर्धा असेल तर ती आठवडेच्या आठवडे चालते.

टीव्हीने पारडं आणखी झुकवलं. मॅच प्लेमध्ये नामवंत खेळाडू पहिल्याच दिवशी गारद होऊ शकतो आणि अंतिम सामना तेराव्या होलवरच संपू शकतो. वाहिन्यांना हे कसं चालणार? व्यावसायिकांची पीजीए चँपियनशिप १९५८ मध्ये स्ट्रोक प्लेवर गेली ती गेलीच. यूएस अमॅच्युअर, म्हणजे यूएसजीएची तीच हौशी अजिंक्यपद स्पर्धाही १९६५ ते १९७२ अशी आठ वर्षं स्ट्रोक प्लेने झाली, पण १९७३ मध्ये मॅच प्लेकडे परतली. आता तिथे दोन्हींचा उपयोग करतात. आधी छत्तीस होलचा स्ट्रोक प्ले, त्यातून चौसष्ट जणांची निवड, आणि मग बाद फेऱ्यांचा मॅच प्ले. मला ही मांडणी सगळ्यांत न्याय्य वाटते. शेकडो जणांतून सातत्य असलेले खेळाडू निवडायला स्ट्रोक प्लेसारखी चाळणी नाही, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला हरवायची धमक मॅच प्लेच दाखवतो. शंभराव्या वर्षी, १९९५ मध्ये, ही स्पर्धा मुद्दाम न्यूपोर्टला नेली, तेव्हा एकोणीस वर्षांच्या टायगर वूड्सने बडी मारुचीला '२ अप' असं हरवलं. सामना छत्तिसाव्या होलपर्यंत ताणला गेला होता.

स्टेबलफोर्ड या गुणांच्या पद्धतीबद्दल दोन शब्द, कारण सुट्टीतल्या स्पर्धांत तो बराच भेटतो. प्रत्येक होलला गुण असतात, हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सूट) धरून पारला दोन, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. नियमांच्या दृष्टीने हा स्ट्रोक प्लेचाच प्रकार, पण एखादा होल पार बिघडला तर शून्य घेऊन चेंडू उचलता येतो, त्यामुळे नवख्यांना सोसतो.

हँडिकॅपची गणितंही वेगळी. स्ट्रोक प्लेमध्ये अठरा हँडिकॅपच्या नीलाने ९२ मारले तर तिचे निव्वळ ७४ धरतात. मॅच प्लेमध्ये दोघांच्या हँडिकॅपमधला फरक काढतात. शरदचा दहा, नीलाचा अठरा, फरक आठ. मग सर्वांत अवघड ठरवलेल्या आठ होलवर नीलाला एकेक फटका सूट मिळते, बाकी दहा होलवर दोघं बरोबरीने खेळतात. हे होल कोणते, ते स्कोअरकार्डावर 'स्ट्रोक इंडेक्स'च्या रकान्यात एक ते आठ आकड्यांनी दाखवलेलं असतं.

एखाद्या हौशी स्पर्धेत नाव घालणार असाल, तर प्रवेशपत्रिकेवर पद्धत आधी वाचा. मॅच प्लेची सवय झालेला माणूस स्ट्रोक प्लेमध्ये हमखास फसतो तो ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर. चेंडू भोकापासून वीतभर असतो, सोबतचा 'झालं, उचल' म्हणतो, आणि तो उचलतो. तसं झालं तर दंडाचा एक फटका घ्या, चेंडू तिथेच परत ठेवा आणि भोकात घाला. पुढच्या टीवरून फटका मारला की ही चूक सुधारता येत नाही, आणि कार्डावर आकडा कितीही चांगला असला तरी तुम्ही स्पर्धेतून बाद.