परिचर्या व्यवस्थापनातील नैतिक पेच

परिचारिकांच्या कामाची आखणी आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तींना रोजच्या निर्णयांत पडणारे योग्य-अयोग्याचे प्रश्न आणि ते हाताळण्याच्या रीती. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी चढती पदे आहेत. वॉर्डात मात्र अधिपरिचारिकेला स्टाफ, परिसेविकेला इन्चार्ज सिस्टर आणि अधिसेविकेला मेट्रन हेच शब्द चालतात. खाटेजवळच्या परिचारिकेला तिच्या वाट्याच्या रुग्णांचे भले पाहायचे असते. इन्चार्जला सगळ्या वॉर्डाचे, हाताखालच्या सिस्टरांचे आणि रुग्णालयाचेही पाहावे लागते, आणि या तिघांचे हित नेहमी एका दिशेला नसते.

सर्वांत नित्याचा पेच ड्युटी लिस्टमध्ये, म्हणजे पाळ्या वाटून देणाऱ्या यादीत, असतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयाच्या (वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या) सर्वसाधारण वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांत 5 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी. शिवाय रजेवर गेलेल्यांची जागा भरण्यासाठी, रजा राखीव म्हणून, 30 टक्के जादा. गर्दीच्या सरकारी वॉर्डात रात्रपाळीला हे प्रमाण पाळले जाणे दुर्मीळच. अशा रात्री आयसीयूतून फोन येतो, ‘एक स्टाफ पाठवा.’ पाठवली तर आपल्या वॉर्डातले ऑपरेशन झालेले रुग्ण एकटीच्या भरवशावर राहतात; नाही म्हटले तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे काय, हा प्रश्न उरतो. सलग रात्रपाळ्या केलेल्या सिस्टरला पुन्हा थांबवायचे का, घरी तान्हे मूल असलेलीला सवलत दिली तर तो भार कोणावर टाकायचा, हेही त्याच कागदावर ठरते. याकडे निव्वळ प्रशासकीय काम म्हणून पाहिले जाते, ते चूक आहे. कोणाला किती काळजी मिळणार याचा तो निर्णय असतो, आणि तो घेणारीकडे नवी पदे भरण्याचा अधिकार नसतो.

योग्य काय ते कळते, पण संस्थेच्या मर्यादांमुळे तसे वागणे जवळजवळ अशक्य होते, या अवस्थेला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये परिचर्येच्या संदर्भात नैतिक क्लेश हे नाव दिले. इन्चार्ज सिस्टरला हा क्लेश दोन बाजूंनी होतो. तिला तो स्वतः सोसावा लागतो, आणि हाताखालच्या सिस्टरांना ज्या आदेशांमुळे तो होतो ते आदेश बऱ्याचदा तिच्याच तोंडून जातात. यावर अनुभवी इन्चार्ज पाळतात तो एक मार्ग म्हणजे लेखी नोंद. कोणत्या पाळीत किती रुग्ण होते, स्टाफ किती होता, वरिष्ठांना केव्हा कळवले, हे रजिस्टरमध्ये उतरवून वर पाठवायचे. माणसे त्याने लगेच मिळत नाहीत, पण दुर्घटना घडल्यावर सारा दोष त्या पाळीतल्या एकट्या मुलीवर टाकणे अवघड होते.

चुकांच्या बाबतीत पेच वेगळा असतो. सारख्या दिसणाऱ्या अँप्यूलमुळे (इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुपीमुळे) चुकीचे औषध भरले गेले आणि वेळीच लक्षात आले, तर इन्चार्जने काय करावे? मेमो (लेखी ताकीद) दिला तर पुढची चूक कोणी सांगणार नाही. झाकले तर तीच चूक दुसऱ्या वॉर्डात होईल. शिवाय रुग्णाला आणि नातेवाइकांना सांगायचे की नाही, आणि कोणी, हे ठरवताना डॉक्टर व प्रशासनाचा दबाव असतो. घटना अहवाल भरून घेणे, शिक्षेआधी कारण शोधणे आणि तीव्र पोटॅशिअम क्लोराइडसारखी जोखमीची औषधे नेहमीच्या साठ्यापासून वेगळी ठेवणे, ही यातली शहाणी रीत.

गोपनीयतेबाबत कायद्याची साथ आहे. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, कायद्यात सांगितलेले अपवाद वगळता, रुग्णाला एचआयव्ही आहे की नाही हे त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. तरी केसपेपरवर ठळक खूण करण्याची मागणी स्टाफकडूनच येते. सुई टोचण्याची त्यांची भीती खरी असते. प्रत्येक रुग्णासाठी सारखीच सावधगिरी आणि हातमोज्यांचा पुरेसा पुरवठा हे त्यावरचे उत्तर.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांचे प्रकरण या विषयात अपवादात्मक महत्त्वाचे आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तेथेच परिचारिका असलेल्या अरुणा यांच्यावर रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूचा प्राणवायू तुटल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. खाट मोकळी करण्यासाठी त्यांना अन्यत्र हलवण्याचा महापालिकेचा प्रयत्न 1980 च्या दशकात परिचारिकांच्या विरोधामुळे मागे पडला. एका खाटेवर किती रुग्णांचा हक्क, हा व्यवस्थापनाचा प्रश्न तेव्हा उघडपणे उभा राहिला, आणि परिचारिकांनी आपले उत्तर कृतीने दिले. अरुणा यांना दयामरण मिळावे ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली. इतकी वर्षे सांभाळ केल्याने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जीवरक्षक उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, वाट खुली केली. अरुणा यांचे 18 मे 2015 रोजी निधन झाले. परिचारिकांची एकामागून एक पिढी त्यांची सेवा करत राहिली, यामागे पाळ्या लावणाऱ्या, नव्या मुलींना शिकवणाऱ्या इन्चार्ज सिस्टरांचे काम आहे, आणि त्याची दखल फारच कमी घेतली गेली.

मार्गदर्शनासाठी आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता आहे. ती 1953 मध्ये स्वीकारली गेली, आणि 2021 च्या सुधारित आवृत्तीत व्यवस्थापक परिचारिकांनी काय करावे हेही सांगितले आहे. पण संहितेचे कलम रात्री दोन वाजता वॉर्डात धावून येत नाही. तेव्हा मेट्रनला फोन करता येणे, दुसऱ्या वॉर्डाच्या इन्चार्जशी मोकळे बोलता येणे, हेच उपयोगी पडते. नैतिक समिती असली, तरी परिचारिकेला तिच्याकडे थेट जाता येते का, हे पाहावे लागते.

जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये घालून दिलेली आणि जानेवारी 2023 मध्ये सोपी केलेली कार्यपद्धती प्राथमिक व दुय्यम वैद्यकीय मंडळांवर उभी आहे. दोन्ही मंडळांत डॉक्टर असतात; परिचारिकेसाठी जागा ठेवलेली नाही. रुग्णाला वेदना केव्हा होतात, नातेवाईक रात्री काय बोलतात, हे जिला सर्वांत जवळून ठाऊक असते तिचे म्हणणे मंडळापर्यंत पोचवायचे, तर इन्चार्ज सिस्टरने ते केसपेपरवर वेळेसह लिहून घ्यावे आणि राउंडला उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे स्वतः मांडावे लागते.