पार्श्वभूमी : एम्युलेशनस्टेशनची सिस्टिम-फाईल आणि स्वतःच्या सिस्टिमचा रखडलेला प्रश्न

जुने व्हिडिओ गेम खेळायच्या रेट्रो सेटअपमध्ये यादीत नसलेली सिस्टिम, म्हणजे एखादा जुना कन्सोल किंवा यंत्र, घालायची म्हटली, की कोणाला विचारता त्यावर उत्तर ठरतं. रेट्रोपाय हा तयार संच वापरणारा सांगतो, ‘ईटीसी’ या सगळ्या यंत्राच्या सेटिंग्जच्या फोल्डरमधली सिस्टिम-फाईल (जिच्यात सिस्टिमची यादी असते) होम फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिच्यात बदल करा. बाटोसेरा हा दुसरा संच वापरणारा सांगतो, मूळ फाईलला हातही लावू नका, वेगळी छोटी फाईल करून ठेवा. ईएस-डीई हा तिसरा पर्याय वापरणारा ‘कस्टम सिस्टिम्स’ नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवतो. या तिन्ही ठिकाणी पडद्यावर दिसणारा फ्रंटएंड, म्हणजे खेळ निवडायचा मेनू, मुळात एम्युलेशनस्टेशन या एकाच प्रकल्पातून निघालेला आहे. तरीही उत्तरं वेगळी येतात, कारण त्या प्रकल्पाने सुरुवातीला घेतलेला एक निर्णय प्रत्येकाने आपापल्या परीने निस्तरला.

त्याआधीचा काळ थोडक्यात पाहू. १९९७ साली मेम (आर्केड यंत्रांचा), नेस्टिकल आणि झेडस्नेस हे एम्युलेटर एकाच वर्षात आले. त्या वेळी एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅम असायचा. तो उघडायचा, त्यात रॉम, म्हणजे खेळाची फाईल, उघडायचा आणि खेळायचं. सिस्टिम ‘घालणं’ ही भानगडच नव्हती. प्लेस्टेशनच्या एम्युलेटरवरून झालेल्या दाव्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २००० साली एम्युलेटर बनवणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला आणि डोक्यावरची टांगती तलवार बरीचशी दूर झाली. पुढच्या दशकात एम्युलेटर उदंड झाले, पण प्रत्येकाचा मेनू वेगळा, बटणांची मांडणी वेगळी. लिब्रेट्रो हा प्रकल्प आणि २०१२मध्ये रेट्रोआर्च हे नाव घेतलेला त्याचा फ्रंटएंड यांनी एम्युलेटरला ‘कोअर’चं, म्हणजे एकाच फ्रंटएंडमध्ये बसणाऱ्या भागाचं, रूप दिलं आणि सेटिंग्ज एका छताखाली आणली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पहिला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक विक्रीला आला : ३५ डॉलर किंमत, ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी. टीव्हीला जोडायचा, हातात जॉयस्टिक घ्यायचा, कीबोर्ड-माउस नकोच, असं यंत्र. एम्युलेशनस्टेशन आणि रेट्रोपाय ही जोडी याच गरजेतून उभी राहिली. फ्रंटएंडला स्वतःला खेळातलं काहीच कळत नव्हतं, आणि हीच त्याची खरी ताकद होती. त्याला एक एक्सएमएल फाईल लागे. तिच्यात प्रत्येक सिस्टिमचा एक तुकडा : छोटं नाव, पूर्ण नाव, रॉमचा फोल्डर, चालणारी एक्स्टेन्शन्स, खेळ सुरू करायची कमांड, स्क्रेपरसाठी (खेळांची चित्रं-माहिती आणणाऱ्या भागासाठी) प्लॅटफॉर्म आणि दिसण्यासाठी थीम. कमांडमध्ये रॉमच्या जागी एक खूण असायची, निवडलेल्या खेळाचा पत्ता तिथे येऊन बसायचा. एवढ्यावर जगातलं कुठलंही यंत्र यादीत आणता येत होतं.

ही फाईल दोन ठिकाणी असू शकत होती : वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये किंवा सगळ्या यंत्रासाठी ‘ईटीसी’मध्ये. नियम असा की होममध्ये फाईल असेल तर तीच वाचायची, ईटीसीतली उघडूनही पाहायची नाही. दोन्हींची बेरीज नाही. एक फाईल दुसरीला पूर्ण बाजूला सारते.

सुरुवातीच्या काळात यात वावगं काहीच नव्हतं. सिस्टिम मूठभर होत्या आणि त्या बहुतेक एकदाच घातल्या जात. एका फाईलमध्ये सगळं समोर दिसतं, कुठली ओळ कुठून आली हे शोधत बसावं लागत नाही, ही बाजू खरी आहे आणि ती मांडणारे चुकीचं बोलत नव्हते. अडचण रेट्रोपाय वाढल्यावर आली. त्याची सेटअप स्क्रिप्ट नवा एम्युलेटर बसवते तेव्हा त्या सिस्टिमचा तुकडा ईटीसीतल्या फाईलमध्ये लिहिते. ज्याने एकदा होममध्ये कॉपी केली, त्याचा फ्रंटएंड ती ईटीसीतली फाईल वाचतच नाही. मग सहा महिन्यांनी तो माणूस ड्रीमकास्ट या जुन्या कन्सोलचा एम्युलेटर बसवतो, रॉम टाकतो, रीस्टार्ट करतो आणि ड्रीमकास्ट यादीत येत नाही. चूक कुठेच नोंदली जात नाही. त्याने आधी कधीतरी कॉपी केलेली फाईल हे त्याचं कारण आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. उलट कॉपी न करता थेट ईटीसीतली फाईल बदलावी, तर पुढच्या अपडेटला स्क्रिप्ट तो तुकडा पुन्हा लिहून बदल पुसून टाकू शकते. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

नाव आणि एक्स्टेन्शन्सपुरता एक अर्धामुर्धा उपाय नंतर मिळाला : ‘प्लॅटफॉर्म्स’ नावाची वेगळी फाईल, तिच्यात लिहिलेलं स्क्रिप्ट मान्य करते. पण आपली स्वतःची नवी सिस्टिम घालणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

मला हा निर्णय खटकतो तो याच सेटअपमधल्या दुसऱ्या एका गोष्टीमुळे. रेट्रोआर्चच्या सेटिंग्जसाठी रेट्रोपायने थरांची पद्धत ठेवली होती. प्रत्येक सिस्टिमची एक छोटी फाईल, तिच्या तळाशी सर्वांसाठीच्या फाईलला आत घेणारी ‘इन्क्लूड’ची ओळ. आधी लिहिलेलं सेटिंग टिकतं, त्यामुळे आपला बदल त्या ओळीच्या वर लिहायचा. खाली लिहिलात तर तो लागत नाही, आणि नवख्यांचे कितीतरी तास यात गेले आहेत. तरी तत्त्व योग्य होतं : सर्वसाधारण एका जागी, खास बदल दुसऱ्या जागी, दोन्ही एकत्र वाचायचे. सिस्टिमच्या यादीलाही हेच लावता आलं असतं.

आर्केडच्या बाबतीतही थरांवाचून भागलं नाही. मेमचा रॉमसंच त्या त्या आवृत्तीशी बांधलेला असतो. पायसारख्या अशक्त यंत्रावर जुन्या आवृत्त्यांवर बेतलेले एम्युलेटर चालवावे लागत. मेम २००३ हा ०.७८वर, मेम २०१० हा ०.१३९वर, आणि त्याहून जुना मेमफॉरऑल ०.३७ बीटा ५वर. एकाच आर्केड फोल्डरमधला एक खेळ एकावर चालतो, दुसरा दुसऱ्यावर. म्हणून रेट्रोपायने फ्रंटएंड आणि एम्युलेटर यांच्यामध्ये ‘रनकमांड’ नावाची स्क्रिप्ट बसवली. खेळ सुरू होताना क्षणभर राखाडी चौकट येते, बटण दाबलं की मेनू उघडतो, आणि सिस्टिमसाठी एक, खेळासाठी वेगळा असा एम्युलेटर निवडता येतो. खेळासाठीची निवड साध्या ‘सिस्टिम, अधोरेखा, रॉमचं नाव, बरोबर, एम्युलेटर’ अशा ओळीत साठते.

आपल्याकडे ही सगळी यंत्रणा पणाला लावणारं उदाहरण म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ‘टीव्ही व्हिडिओ गेम’च्या कॅसेटी. भारतात घरोघरी पोचले ते बहुतेक फॅमिकॉम या निन्टेंडोच्या कन्सोलचे नकली अवतार, आणि ‘९९९९ इन १’ छापाच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी. अशा कॅसेटचं डम्प (कॅसेटमधून काढलेली रॉम-फाईल) साध्या एनईएस (फॅमिकॉमचंच परदेशातलं रूप) फोल्डरमध्ये टाकलं तर पुष्कळदा काळा पडदा येतो, कारण त्यांच्या आतल्या मेमरी-बदलाच्या चिपा, म्हणजे मॅपर, परवाना नसलेल्या बनावटीच्या असतात. एफसीईयूएमएम हा कोअर अशा मॅपरसाठीच नावाजलेला आहे. म्हणून अनेकजण वेगळी सिस्टिम करतात. नाव ‘फॅमिक्लोन’, थीम मात्र एनईएसचीच उसनी, म्हणजे चित्र फुकटात मिळतं. प्लॅटफॉर्म एनईएस, कारण स्क्रेपर ठरलेल्या यादीतलीच नावं ओळखतो. एक्स्टेन्शनमध्ये छोट्या आणि मोठ्या दोन्ही इंग्रजी अक्षरांतलं ‘एनईएस’ लिहायचं, लिनक्सवर त्यात फरक होतो. कमांडमध्ये रनकमांडला नवं नाव द्यायचं, आणि त्याच नावाच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये एम्युलेटरची फाईल करून एफसीईयूएमएमला डिफॉल्ट ठेवायचं. ही शेवटची पायरी राहिली तर सिस्टिम दिसते, खेळ निवडला की पडदा मिचकतो आणि आपण पुन्हा यादीत. फोल्डर रिकामा असेल तर सिस्टिम दिसतच नाही. पूर्ण नावात सुटं अँड-चिन्ह टाकलं तर एक्सएमएल मोडतं आणि एकही सिस्टिम उरत नाही.

सिस्टिमच्या यादीचे थर एकत्र वाचायची पद्धत आली ती फाट्यांतून, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या कोडवरून निघालेल्या वेगळ्या आवृत्त्यांतून. २०१६मध्ये सुरू झालेल्या बाटोसेराला तिच्याशिवाय इलाजच नव्हता. त्याची मूळ फाईल-सिस्टिम फक्त वाचण्यापुरती असते, तिच्यातला बदल खास जतन केला नाही तर रीस्टार्टनंतर जातो. मग वापरणाऱ्याच्या विभागात सिस्टिम-फाईलच्या नावाला अधोरेखा आणि आपलं नाव जोडून छोटी फाईल ठेवायची सोय आली, आणि ती मूळ यादीत मिसळली जाते. ईएस-डीई २०२०च्या सुमाराला रेट्रोपायच्याच फाट्यावरून निघालं. त्याने मूळ यादी प्रोग्रॅमबरोबर बांधून टाकली आणि ‘कस्टम सिस्टिम्स’मधली फाईल तिच्यावर चढवली : नाव नवं तर भर, नाव तेच तर तेवढीच सिस्टिम बदलते. ज्याला जुन्यासारखी एकच फाईल हवी, त्याच्यासाठी ‘लोड-एक्सक्लुझिव्ह’ हा टॅग ठेवला. एकच फाईल मागणाऱ्यांची बाजूही यात सांभाळली गेली, हे मला विशेष आवडतं.

एम्युलेटर नेमका कुठे सापडेल हेही ईएस-डीईने कमांडमधून काढून ‘फाईंड रूल्स’ या वेगळ्या फाईलमध्ये नेलं. त्याचा फायदा २०२४मध्ये कळला. मार्चमध्ये निन्टेंडोच्या स्विच कन्सोलचा सर्वाधिक वापरला जाणारा एम्युलेटर २४ लाख डॉलरच्या तडजोडीनंतर बंद झाला, ऑक्टोबरमध्ये दुसराही थांबला, आणि मागाहून आलेल्या फाट्यांच्या प्रोग्रॅमची नावं वेगवेगळी होती. आपल्या फाईंड रूल्समध्ये एखादी ओळ वाढवून काम भागत होतं. त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड आवृत्तीत तर कमांडचं रूपच पालटलं. तिथे प्रोग्रॅमचा पत्ता नसतो, दुसऱ्या अ‍ॅपला इंटेंट, म्हणजे ‘हा खेळ उघड’ असा निरोप, पाठवायचा असतो, आणि रॉमचा पत्ताही काही एम्युलेटरना साध्या रूपात चालत नाही.

रेट्रोपायची ४.८ ही आवृत्ती मार्च २०२२ची. २०२३च्या अखेरीस आलेल्या पाय ५साठी तिची तयार इमेज नव्हती, आधी ओएस टाकून मग स्क्रिप्ट चालवावी लागे. अनेकांनी त्या टप्प्यावर फ्रंटएंडच बदलला. त्यांच्या जुन्या एसडी कार्डावर होम फोल्डरमधली ती फाईल आहे. ती सगळीच्या सगळी नव्या जागी ठेवू नये. तिच्यातले फक्त आपण लिहिलेले सिस्टिमचे तुकडे उचलावेत आणि प्रत्येकाची कमांड नव्याने लिहावी, कारण जुनी ओळ रनकमांडला हाक मारते आणि ती स्क्रिप्ट तिथे नसते.