फ्रँकेन्स्टाइन म्हणजे तो राक्षस नव्हे

मानेत बोल्ट, डोक्यात गुन्हेगाराचा मेंदू आणि तोंडातून नुसती गुरगुर, हे ध्यान १९३१च्या सिनेमातलं. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे आडनाव त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचं. त्या आठ फुटी जिवाला नावच नाही. बोलतो मात्र अस्खलित! भिंतीच्या फटीतून एका गरीब कुटुंबाचं बोलणं ऐकत तो भाषा शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. घरातले आंधळे आजोबा त्याच्याशी मायेनं बोलतात. डोळस मुलगा येताच काठीनं झोडपतो. त्या जिवाच्या हातून झालेला पहिला खून त्यानंतरचा. व्हिक्टर तर त्यानं डोळे उघडताच खोलीतून पळाला होता. पुढे जोडीदारीण करून द्यायचं कबूल केलं, पण तीही अर्धवट असतानाच त्याच्यादेखत फाडून टाकली.