भिंगाकडून हिशेबाकडे: क्ष-किरण टायकोग्राफीची पार्श्वभूमी

इथे वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१ ते ०.२ नॅनोमीटर. एवढ्या बारीक तरंगांनी अणूसुद्धा दिसायला हवेत, पण क्ष-किरण सूक्ष्मदर्शक वर्षानुवर्षे काही दहा नॅनोमीटरवर अडून राहिला. अडचण भिंगाची होती. या किरणांसाठी पदार्थाचा वक्रीभवनांक १ पेक्षा जेमतेम लाखात एखाद्या भागाने कमी असतो, म्हणून नेहमीचे भिंग त्यांना जवळपास वळवतच नाही. त्याऐवजी झोन प्लेट वापरतात: जड धातूची एकात एक बसवलेली वर्तुळाकार कडी, बाहेर जाताना अरुंद होत गेलेली. मिळणारा तपशील सर्वांत बाहेरच्या कड्याच्या रुंदीच्या १.२२ पट. ऊर्जावान किरणांसाठी कडे अरुंद असून शिवाय उंच लागते, आणि असे कडे घडवतानाच कलते किंवा कोसळते.

भिंग वगळून नुसते विवर्तन, म्हणजे नमुन्यावरून पसरलेल्या तरंगांची नक्षी, नोंदवावे, तर डिटेक्टर तीव्रता मोजतो, तरंगाची कला, म्हणजे फेज, हरवते. ती हिशेबाने परत मिळू शकते, याची वाट डेव्हिड सेअर यांनी १९५२ मध्ये माहितीशास्त्रातल्या शॅननच्या प्रमेयावरून दाखवली. १९६९ मध्ये वॉल्टर होप्पे यांनी इलेक्ट्रॉनांसाठी वेगळी युक्ती मांडली: झोत थोडा सरकवून पुन्हा नोंद घ्या. ‘टायकोग्राफी’ हे नाव त्यातूनच आले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडी. १९९९ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत मियाओ, सेअर आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या ठिपक्यांनी रेखलेली अक्षरे भिंगाविना ७५ नॅनोमीटर तपशिलात पाहिली. मात्र त्या पद्धतीत नमुना सुटा हवा, भोवती मोकळी जागा हवी. बहुतेक खरे नमुने असे नसतात.

रोडेनबर्ग आणि फॉकनर यांनी २००४ मध्ये सरकत्या झोतासाठी आवर्तनांनी सुटणारी गणनरीत दिली. तिला झोताचा आकार आधीच माहीत असावा लागे आणि त्यातली चूक थेट चित्रात उतरे. खरी कलाटणी २००८ ची. स्वित्झर्लंडमधल्या फिलिगन येथील स्विस लाइट सोर्स या प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर तिबो, डिरोल्फ, मेंत्सेल, बुंक, डेव्हिड आणि फायफर यांनी नमुना आणि झोत दोन्ही एकाच मोजणीतून काढले. नमुन्याचा प्रत्येक भाग अनेकदा उजळलेला असतो, त्यामुळे अज्ञातांपेक्षा मोजमापे जास्त होतात. भिंगाचे दोष मग चित्र बिघडवत नाहीत, ते झोताच्या आकारात जमा होतात. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत सुंदर कल्पना आहे.

आकडे घालून पाहू. तरंगलांबी ०.२ नॅनोमीटर, डिटेक्टर ७ मीटरवर, पिक्सेल १७२ मायक्रोमीटर (स्विस लाइट सोर्स चालवणाऱ्या संस्थेत घडलेल्या पिलाटस या डिटेक्टरचा). तरंगलांबी गुणिले अंतर भागिले पिक्सेल, म्हणजे सुमारे ८ मायक्रोमीटर. झोत याच्या निम्म्याहून, ४ मायक्रोमीटरहून, मोठा नको. नाहीतर विवर्तनाचे बारीक ठिपके एका पिक्सेलमध्ये मिसळून जातात. चित्राचा पिक्सेल मात्र डिटेक्टरच्या पूर्ण रुंदीवर ठरतो: ५०० पिक्सेल घेतले तर सुमारे १६ नॅनोमीटर. झोताच्या शेजारच्या दोन जागांमध्ये साधारण ६० टक्के आच्छादन ठेवतात.

जागा चौकटीच्या जाळीवर घेतल्या, तर चित्रात त्याच अंतराने जाळी उमटते. कारण नोंद होते ती नमुना आणि झोत यांच्या गुणाकाराची; जाळीच्या अंतराने येणाऱ्या एखाद्या आवर्ती घटकाने एकाला गुणले आणि दुसऱ्याला भागले, तरी गुणाकार तोच राहतो. म्हणून जागा एककेंद्री वर्तुळांवर किंवा सर्पिलावर घेतात.

भिंगाचा अडसर गेल्यावर भार यंत्रावर आला. नमुना नेमका कुठे आहे हे नॅनोमीटरमध्ये कळले नाही, तर तपशील धुरकट होतो. २०१० मध्ये उंदराच्या हाडाचे त्रिमितीय चित्र मिळाले. त्यानंतर लेझर इंटरफेरोमीटरने जागा सतत मोजणाऱ्या यंत्रामुळे २०१७ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरचे आतले जोडतार १४.६ नॅनोमीटर तपशिलात दिसले. २०२४ चा टप्पा ४ नॅनोमीटरचा. त्यात एका लांब नोंदीऐवजी अनेक आखूड नोंदी घेतात आणि दरम्यानचे हलणे गणनेत सुधारतात. जैविक नमुन्यांची अडचण निराळी आहे: तपशील दुप्पट बारीक हवा तर प्रारणमात्रा साधारण १६ पट लागते आणि त्याने नमुना बिघडतो, म्हणून ते गोठवूनच झोतासमोर ठेवतात.